उलटा फेकलेला बॉम्ब

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण लढाईत मी शत्रूचा बॉम्ब हाताने उचलून परत फेकलाय. सलूनमध्ये दाढीला बसलो की हा किस्सा मी सांगतोच, आणि न्हावी बिचारा वस्तरा लांब धरून ऐकतो, कारण मला हातवारे आवरत नाहीत.

"खंदकात बसल्या बसल्या जरा डोळा लागला होता," मी आजही सुरू केलं. "तेवढ्यात धाडकन आवाज! बघतो तर बॉम्ब थेट माझ्या मांडीवर. विचार करत बसलो असतो तर आज तुमच्यापुढे नसतो. उचलला आणि दिला भिरकावून!"

"चटका नाही बसला, आजोबा?" न्हाव्याने मिशीत हसत विचारलं.

"चटका कसला! नुसता कोमट होता. आणि मऊ."

"मऊ बॉम्ब!" बाकावरची मंडळी खो खो हसली. "मग फुटला की नाही?"

"न फुटायला काय झालं? पलीकडून जो आरडाओरडा झाला, तो अजून कानात आहे माझ्या. अख्खी तुकडी वाचवली मी!"

माझी लेक मला न्यायला आली होती. स्वतःच्या दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवून तिने माझ्या कानामागचा साबण पुसला.

"बाबा, बॉम्ब नव्हता तो," ती म्हणाली. "लढाई संपून तुम्ही घरी आला होतात. आईच्या हातून पातेलं पडलं, तेव्हा तुमच्या मांडीवर मी होते."