साऊ कोणाची?

“शिक्षण किती झालंय, आजोबा?”

“चौथी,” साक्षीच्या पिंजऱ्यातून इओसुआ म्हणाला.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बेटांची राजधानी असलेल्या आपियाच्या त्या कोर्टात पंखे नुसतेच गरगरत होते आणि घामानं सगळ्यांची पाठ भिजली होती. प्रतिवादी पेनीचा वकील तानिएलू मात्र न्यूझीलंडात शिकून आलेला, कोटातसुद्धा कोरडा ठणठणीत.

“चौथी! आणि आलात वंशावळींचे तज्ज्ञ म्हणून. एखादं पुस्तक लिहिलंय?”

“नाही.”

“मग ही विद्या आली कुठून?”

“आजीकडून. लुपे नाव तिचं. पहाटे चटईवर बसवून पिढ्या घोकून घ्यायची. चुकलो की पाठीत धपाटा.”

“म्हणजे पदवी धपाट्याची!”

आता तर पेनीसुद्धा मोठ्यानं हसला. फुआतिनोनं मान खाली घातली. हसण्यासारखं काय मेलं होतं त्यात? याच म्हाताऱ्याला बोलावल्याशिवाय चारही बेटांवर मानाच्या पदाचं एक भांडण मिटत नसे. पण इथं त्याची सालटी निघत होती, आणि तिच्या बाजूनं साक्षीदार होता तो हा एकटा.

दावा तिनंच लावला होता. चर्च सुटल्यावर सारं गाव जेवायला बसलेलं असताना घराण्याचा प्रमुख पेनी उभा राहिला होता. “हिची आजी साऊ मोलीची मुलगी नव्हतीच,” तो म्हणाला होता. “कुठल्या तरी होडीतून आलेली मोलकरीण ती. हिच्यात आमच्या रक्ताचा थेंब नाही.” एकाक्ष मोली म्हणजे घराण्याचा मूळपुरुष. जमीन त्याची, मान त्याचा. फुआतिनोच्या हातातला अळकुडीचा तुकडा पानात पडला. पन्नास वर्षं शेजारी बसून जेवणाऱ्या बायका त्या दिवशी जरा सरकून बसल्या.

अब्रू गेली ती गेली. पण पेनीचं म्हणणं कोर्टानं खरं धरलं, तर तिला त्या जमिनीवरून उठावं लागणार होतं. आणि घरासमोर तिच्या मुलाचं थडगं होतं. अकरा वर्षं ती ते रोज सकाळी झाडायची, त्याच्याशी चार शब्द बोलायची, मग चूल पेटवायची. चूल कुठंही पेटते हो. थडगं कसं उचलून न्यायचं?

तिची वकील लोसा चर्चमध्ये बाप्तिस्म्याची जुनी वही मागायला गेली होती. “वाळवीनं खाल्ली,” असं उत्तर मिळालं. चर्चचा कारभारी पेनीच.

“बरं,” तानिएलू पिंजऱ्याजवळ सरकला. “फुआतिनो तुमची कोण लागते?”

इओसुआच्या हातातला विणलेला पंखा थांबला. “मी साऊबद्दल सांगायला आलोय. माझी नाती सांगायला नाही.”

“अहो, नाती सांगणं हाच तर तुमचा धंदा!”

“उत्तर द्या,” न्यायाधीश म्हणाले.

“लिहिलंय का कुठं काही?” म्हातारा तडकला. “असेल तर दाखवा ना!”

“दाखवतो की. तुमची आजी लुपे मनोनो बेटावरची ना?”

“मनोनोतच मेली. तिथंच पुरलीय.”

तानिएलूनं मागे हात केला. त्याच्या कारकुनानं चामड्याच्या पुठ्ठ्याची जाडजूड वही आणून टेबलावर ठेवली.

“ही तर वाळवीनं खाल्ली होती!” लोसा ताडकन उठली.

“सापडली,” तानिएलू म्हणाला. “देवाची कृपा.” त्यानं खूण घातलेलं पान उघडलं. “एकाच दिवशी दोन बाप्तिस्मे, साहेब. लुपे, आणि तिची धाकटी बहीण साऊ.”

तो न्यायाधीशांकडे वळला.

“हा माणूस फुआतिनोचा भाऊ लागतो! शपथ घेऊन लपवलं यानं. हा कसला निःपक्षपाती? आणि लुपे मनोनोची, तर तिची सख्खी बहीण साऊही मनोनोचीच. माझे अशील दुसरं काय म्हणत होते?”

फुआतिनोनं चमकून इओसुआकडे पाहिलं. भाऊ? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही? इओसुआ तिच्याकडे बघत नव्हता. कारभाऱ्याच्या ऐटीत बसलेल्या पेनीकडे बघत तो पुन्हा पंखा हलवायला लागला होता.

“चल पोरी, उठू या,” ती लोसाला म्हणाली. “घरी जाऊन झाडून घेते. आता किती दिवस झाडायचंय कोण जाणे.”

“मावशी, बसा हो,” लोसा म्हणाली, पण तिच्याही आवाजात जीव नव्हता.

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. “वकीलसाहेब, ही तीच लुपे आणि तीच साऊ, खात्री आहे?”

“शंभर टक्के. नोंद अस्सल आहे. वही आमच्याच ताब्यात होती.”

“मनोनोच्या मुली, मग बाप्तिस्मा यांच्या गावात कसा?”

“आल्या असतील कुणाकडे, साहेब.”

“बापाचं नाव?”

“ते शेजारच्या पानावर असतं. कारकुनानं मला प्रत या एकाच पानाची काढून दिली.”

“वही समोर आहे. वाचा.”

तानिएलूचं बोट ओळीवरून उजवीकडे सरकत गेलं आणि थांबलं. त्यानं एकदा पेनीकडे पाहिलं.

“मोठ्यानं,” न्यायाधीश म्हणाले.

“बाप मोली,” वकील म्हणाला. “एका डोळ्यानं आंधळा.”