इंजिन नसलेली मस्टँग

१९६९ची ती अमेरिकन मस्टँग हुडकत निकेत तीन वर्षं वणवणला होता. २००४च्या हिवाळ्यात ती अखेर देवबागला सापडली, प्रेमलताकाकूंच्या माडांखालच्या मांगराच्या झावळी छपराखाली.

त्यानं अधीरपणे बॉनेट उघडलं. आत इंजिनच नव्हतं. रिकाम्या जागेत फाटकी जाळी कोंबली होती.

"इंजिन ह्येंनी होडयेक बसयल्यानी," काकू म्हणाल्या. "सात वर्सां झाली. ना होडी इली, ना हे."

निकेतनं बॉनेट हलकेच लावलं आणि हात तिथंच थबकला. पत्रा कोमट होता. बघता बघता तो थरथरू लागला, चालत्या होडीच्या फळीसारखा.

काकूंनी शेजारी आपला तळवा टेकला.

"होड्यो येवच्या वेळेक रोज असाच थरथरता. दिवेलागणीपर्यंत. म्हणान मी अजून कुंकू लावतंय."

बाहेर उन्हं अजून वाळूवरच होती. पहिल्या होड्या किनाऱ्याला लागत होत्या, ओढणाऱ्यांची हाळी ऐकू येत होती.

तळव्याखालचा थरथराट अडखळला. दोन आचके बसले आणि तो थांबला.

दोघंही तशीच उभी राहिली. पत्रा गार पडत गेला.

काकूंचा हात सावकाश वर उचलला गेला आणि कपाळावरच्या कुंकवापाशी येऊन थांबला.