चोत्तो

समुद्रातून नदीत परत आलेल्या शेवटच्या सॅल्मनच्या कानातलं बारीकसं हाड उमेत्सु-सानांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि खुर्चीला पाठ टेकली. होक्काइदोतल्या या मत्स्यबीज केंद्राचे ते प्रमुख. पिल्लू कुठल्या तळ्यातलं, हे ते अंड्यात असतानाच, पाण्याची ऊब कमीजास्त करून त्या हाडावर उमटवून ठेवतात. चार वर्षं समुद्र पालथा घालून आलं तरी खूण पुसली जात नाही.

दुभाषी म्हणून आलेली चारुताही चार वर्षांत काही विसरली नव्हती.

तेव्हा त्यांच्या मुंबईच्या कंपनीचं स्वस्त मत्स्यखाद्य खपवायला तिचा वरिष्ठ विश्वजित तिला घेऊन इथे आला होता. खाद्याला खवट वास येत होता. उमेत्सु-सान ‘चोत्तो...’ एवढंच म्हणून थांबले. चोत्तो म्हणजे थोडं, हे विश्वजितने पुस्तकात वाचलेलं. हा नकार आहे असं चारुताने बजावूनही त्याने थोडं, म्हणजे दोन तळ्यांपुरतं, खाद्य उतरवलंच. म्हातारा भिडस्त, त्याने ते परत पाठवलं नाही. वसंतात त्या तळ्यांतली पिल्लं मलूलच नदीत सुटली. तक्रार आली, तेव्हा विश्वजितने अहवालात लिहिलं की चारुताने भाषांतर चुकवलं. आणि पिल्लं परततील तेव्हा बघा, अशी फुशारकीही मारली. चारुताची रवानगी कावासाकीच्या ऑफिसात फायली लावायला झाली.

आज निकाल बघायला कंपनीचे संचालक रविकांत स्वतः विश्वजितला घेऊन मुंबईहून आले होते. उमेत्सु-सानांनी पत्रात एकच अट घातली होती, दुभाषी चारुता-सानच हव्यात.

आपल्या खाद्यावरचे किती परतले, असं रविकांतांनी विचारलं. चारुताने प्रश्न जपानीत सांगितला. उमेत्सु-सानांनी दातांतून हवा आत ओढली.

“चोत्तो...”

“थोडे आलेत, सर,” विश्वजित घाईघाईने म्हणाला.

चारुताने त्याला दुरुस्त केलं नाही. पहिल्या खेपेला थोडे म्हणजे उत्तमच, पुढच्या वर्षी सगळी तळी आपल्या खाद्यावर घेऊ, असं तो सांगत सुटला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला कशाला अडवा? तिने त्याला पोटभर बोलू दिलं. चार वर्षांत तिला इतकं गोड काही लागलं नव्हतं.

मग तिने उमेत्सु-सानांना नेमका आकडा विचारला. त्यांनी हलक्या आवाजात तो सांगितला, आणि तेवढं जपानी विश्वजितलाही कळलं. त्याचा चेहरा उतरला. तो तिच्या कानाशी वाकला.

“चारुता, जरा सांभाळून घे ना.”

“जरा...” ती म्हणाली आणि थांबली.

विश्वजितच्या जिवात जीव आला.

चारुता रविकांतांकडे वळली. “बाकीच्या तळ्यांतले तीनशे बारा परतलेत, सर. आपल्या खाद्यावरचा एकही नाही.”