गाडीतून उतरू नका

मेडिकलच्या खिडकीपुढे एकच गाडी होती, तिच्यामागे चारुशीलाची, आणि चारुशीलाच्या मागच्या सीटवर खुशी एकदाची झोपली होती. सव्वा वर्षाची पोर. तापाने गाल लालबुंद झालेले. घामाने कपाळाला चिकटलेली तिची बट कौसल्याबाई पदराच्या टोकाने पुन्हा पुन्हा बाजूला करत होत्या.

"बघा आई," चारुशीला सासूला हळू आवाजात म्हणाली, "पार्किंग शोधायला नको, एवढ्या उन्हात हिला उचलायला नको. फोनवर चिठ्ठी पाठवली, आता खिडकीतून पिशवी घ्यायची की घरी."

वर्धा रोडवर बारा वाजत आले होते. भिंतीवरच्या पाटीवर हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'गाडीतून उतरू नका. औषध तुमच्यापर्यंत येईल.'

"अन् तो पोरीले पाह्यते का?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"कोण?"

"औषधवाला."

"त्याने कशाला पाहायचं? डॉक्टरांनी पाहिलं न."

"सक्करदऱ्याचे नानाजी पाह्यतात."

नानाजी आपल्या दुकानाच्या काउंटरवरून वाकून आधी पोरीकडे बघायचे, काही खाते की नाही विचारायचे, मग औषधावर पेनाने चित्र काढून द्यायचे. सकाळच्यावर सूर्य, रात्रीच्यावर चंद्र. कौसल्याबाईंना मराठी वाचता यायचं, पण औषधांवर मराठी नसायचं.

"त्यांच्याकडे गाडी लावायला जागा नाही, आई."

"ते खरं आहे," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि काचेतून खिडकीकडे बघत राहिल्या.

पुढच्या पांढऱ्या गाडीतून सुरकुतलेला एक हात बाहेर आला, पिशवी घेऊन आत गेला. गाडी निघाली. चारुशीलाने आपली गाडी पुढे घेतली. खिडकीतल्या माणसाच्या तोंडाला मास्क होता, कानाला हेडफोन. तो बोलत होता, पण यांच्याशी नाही. बोलता बोलताच त्याने पिशवी बाहेर धरली.

"झालं मॅडम. पुढे घ्या."

मागून हॉर्न वाजला. चारुशीलाने पिशवी मागे सासूच्या मांडीवर दिली.

"थांब वं," कौसल्याबाई म्हणाल्या.

"आई, मागे लाइन आहे."

"राहू दे लाइन. खोलून पाहू दे मले."

त्यांनी नखाने पिन उचकटली. आत गोळ्यांची दोन पाकिटं होती. बाटली नव्हती.

"एवढुशा लेकराले गोळ्या?"

चारुशीलाने बिल ओढून घेतलं. मारोतराव, वय बहात्तर. तिने समोर पाहिलं. पांढरी गाडी कधीच वळणाआड गेली होती. मग तिने मागे पाहिलं. खुशीची मूठ अर्धी उघडी होती. गोळ्या होत्या म्हणून कळलं, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या कुणाची बाटली आली असती तर?

तिने बिल खिडकीत धरलं. "सॉरी मॅडम, एक नंबर पुढे-मागे झाला," खिडकीतला माणूस म्हणाला आणि त्याने नवी बाटली काढून दुसरी पिशवी भरून दिली. चारुशीलाने बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. वय वाचलं. बरोबर होतं. "ती पिशवी द्या इकडे अन् गाडी पुढे घ्या," तो म्हणाला.

कौसल्याबाईंनी पहिली पिशवी सोडली नाही.

"अन् ह्या मारोतरावाचं काय गा?"

"येतील न काकू वापस. पाहतील तेव्हा येतील."

"फोन लाव त्याले."

"मागे गाड्यांची लाइन लागली आहे काकू."

कौसल्याबाईंनी दार उघडलं. गरम वारा आत आला, खुशी झोपेतच कुरकुरली. चारुशीलाने हात मागे नेऊन तिचं पाऊल धरलं.

"काकू, इथं पायी नाही यायचं. ही गाड्यांची खिडकी आहे."

"मंग मले गाडी समज," खिडकीसमोर उभ्या राहत कौसल्याबाई म्हणाल्या. "बंद पडलेली."

मागे आता दोन हॉर्न वाजत होते. त्या माणसाने कॉम्प्युटरवर नंबर शोधला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"सर, मेडिकलमधून बोलतो. तुमची पिशवी बदलली. उघडली का तुम्ही?"

"उघडली न," पलीकडचा आवाज निवांत होता. "सकाळची गोळी कालच संपली होती. म्हणून पुढं झाडाखाली गाडी लावली अन् लगेच घेतलं. दोन झाकणं. ह्या वेळी पातळ दिलं तुम्ही. गोड आहे."

चारुशीलाने मांडीवरच्या बाटलीकडे पाहिलं.

"सर, त्याच्यावर नाव होतं..."

"वाचायचा चष्मा घरी राह्यला, भाऊ. तुम्ही दिलं, म्हणजे माझंच असन न."

त्या माणसाने हेडफोन काढून ठेवला. "लहान मुलांचं तापाचं आहे सर, तेवढ्याने काही होत नाही. पण आता आणखी काही घेऊ नका." त्याचा आवाज बारीक झाला होता.

कौसल्याबाई फोनकडे वाकल्या. "दादा, तिथंच थांबा झाडाखाली. तुमच्या गोळ्या आम्ही आणून देतो."

मग त्यांनी दोन्ही पाकिटं खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवली.

"सकाळची कोणती?"

त्याने एका पाकिटावर बोट ठेवलं.

"तिच्यावर सूर्य काढ. दुसरीवर चंद्र."

"कशाले, काकू?"

"त्यायच्यापाशी चष्मा नाही."

मागे तिसरा हॉर्न लागला. त्या माणसाने मास्क खाली ओढला, खिशातलं पेन काढलं. चकचकीत कागदावर पेन आधी उठेचना. मग एक वाकडातिकडा गोल उमटला, आणि तो पाकीट परत द्यायला लागला.

कौसल्याबाईंनी हात पुढे केला नाही.

"किरणं काढ," त्या म्हणाल्या. "नाही तं चंद्रच वाटन."