सिसी म्हणजे आपण

मोंबासाला रेल्वेत लागलेला शेषराव दर पत्रात बायकोला तिकडची बोली शिकवायचा. येये म्हणजे तो, मिमी म्हणजे मी, सिसी म्हणजे आपण, हापा म्हणजे इथं, दाईमा म्हणजे कायमचं. तिकडं जायच्या आशेनं अमडापुरात गोजरबाई हेच शब्द जात्यावर घोळवी. नाव न घेता नवऱ्याला 'येये' म्हणता येतं, याचंच तिला अप्रूप.

यंदाचं पत्र परक्या हाताचं होतं. खाली सही झैनाबू नावाच्या बाईची. शाळेच्या नव्या मास्तरांनी अक्षरं लावत वाचलं, "येये, मिमी... सिसी हापा, दाईमा. काही उमजत नाही बा!"

ओट्यावरून सासू म्हणाली, "काय म्हंते माहा लेक? कवा नेते तुले?"



"मीच नाही जात, आत्याबाई. तुमाले इथं कोन हाय?"