नारायणरावांचा पासो दोब्ले

"मान वर, सर! समोर बैल उभा आहे, आणि तुम्ही चपला शोधताय होय?" नाच शिकवणारा गुरु ओरडला.

हॉलमध्ये हशा पिकला. नारायणरावही हसले. मग त्यांनी छाती काढली, हनुवटी उचलली आणि भार्गवीच्या डोळ्यांत डोळे घालून टाच अशी आपटली, की भिंतीकडेला खुर्चीवर बसलेल्या सरोजिनीबाई दचकल्या.

जुळे सोलापुरात जोडप्यांसाठी हा नाचाचा वर्ग निघाला, तेव्हा नवऱ्याचं आणि स्वतःचं नाव सरोजिनीबाईंनीच घातलं होतं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून नवरा पेपरात तोंड खुपसून बसलेला. जरा हलेल तरी, एवढाच हेतू. पण थोड्याच दिवसांत बाईंचा गुडघा सुजला. त्यांच्या गल्लीतल्या भार्गवीचा नवरा कामासाठी हैदराबादला अडकलेला. गुरुनं नारायणरावांची आणि तिची जोडी लावून दिली. "माझ्यापायी तुम्ही कशाला थांबता? करा की," असं बाईच म्हणाल्या होत्या.

नाच स्पेनकडचा, पासो दोब्ले नावाचा. पुरुषानं बैलाशी झुंजणारा गडी व्हायचं आणि बाईनं त्याच्या हातातलं लाल कापड. पहिल्या दिवशी गुरुनं लाल सोलापुरी टॉवेल फिरवून ते समजावलं, तेव्हा बाईंना हसू आवरेना. आज हसू येत नव्हतं.

नारायणरावांनी हात वर नेला. भार्गवी त्याखालून गर्रकन फिरली. त्यांनी तिला जवळ ओढलं, दूर सारलं, पण नजर तिच्यावरून ढळू दिली नाही. बाई बघत राहिल्या. नवी साडी नेसून समोर उभं राहिलं, तर 'छान' हे पेपरालाच सांगणारा हा माणूस. पोरीच्या लग्नात फोटोवाला ओरडून थकला, तेव्हा कुठं बायकोकडे वळलेला. हा डौल, ही धग इतकी वर्षं ठेवली होती कुठं?

भार्गवीवर त्यांचा राग नव्हता. ती बिचारी घामाघूम होऊन नुसती पावलं सांभाळत होती. बाईंचा जीव जळत होता तो दुसऱ्याच गोष्टीनं. जन्मभर आपण कोरडी भाकरी गोड मानून खावी, आणि घरात तुपाचं मडकं होतं हे परकीच्या पानात धार पडताना कळावं, तसं झालं होतं.

गाणं थांबलं. टाळ्या पडल्या. सरोजिनीबाई भिंतीला धरून उठल्या.

"भार्गवी, तू बस जरा. पाणी पी."

"अहो काकू, तुमचा गुडघा—"

"माझा गुडघा मी बघते."

"अगं, डॉक्टर काय म्हणालेत..." नारायणराव पुढे आले.

बाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "लाव रे गाणं," त्या गुरुला म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. नारायणरावांनी बायकोचा हात धरला. पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसऱ्याला त्यांची नजर फरशीवर उतरली. मग खांदे उतरले, छाती आत गेली. बाईंसमोर पुन्हा तोच पेपरामागचा माणूस उभा राहिला.

"सर, नजर! नजर!" गुरु ओरडला.

त्यांनी मान उचलली. बायकोच्या डोळ्यांत बघितलं. आणि कानापर्यंत लाल होऊन जागच्या जागी थांबले.

"काय झालं?"

"तुझ्यासमोर जमत नाही गं," ते पुटपुटले. "लाज वाटते."

"आणि तिच्यासमोर?"

"तिला काय माहीत, मी कसा आहे ते."

गाणं वाजतच होतं. बाकीची जोडपी टाचा आपटत त्यांना वळसा घालून जात होती. बाईंचा गुडघा ठणकत होता. नवऱ्याचा घामेजलेला हात निसटू बघत होता, तो त्यांनी घट्ट धरला.

"मला तरी कुठं माहीत होतं?" त्या म्हणाल्या.