सतरा वर्षांची सवड

माझे बाबा, ऑर्व्हिल, म्हणजे उधारीचे हाडवैरी. मी लहान असताना त्यांनी एकदाच हप्त्यांवर टीव्ही घेतला, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तो खोक्यातून बाहेर काढू दिला नाही. वर्षभर आम्ही त्या खोक्याकडे बघत जेवलो!

परवा डेटनला त्यांच्याकडे गेले, तर फ्रिजवर चक्क क्रेडिट कार्डाचं बिल चिकटवलेलं. पाच हजार डॉलरची खरेदी आणि दर महिन्याला भरलेली फक्त किमान रक्कम.

"बाबा, खाली काय छापलंय ते वाचलंत का? असंच भरत राहिलात तर फिटायला सतरा वर्षं लागतील. पाच हजारांचे साडेतेरा हजार होतील! तुम्ही आत्ताच चौऱ्याऐंशीचे आहात. बँकेत पैसे पडलेत, टाका की एकदाचे भरून!"

"मुळीच नाही," बाबा कॉफी ढवळत म्हणाले. "माझा नियम विसरलीस वाटतं? पैसे फिटल्याशिवाय वस्तू वापरायची नाही."

"अहो, पण एवढं घेतलंय तरी काय?"



"माझ्या थडग्यावरचा दगड."